अप्पांचा जामीन

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, संध्याकाळी दुकान झाडलं की कोपऱ्यात एक लहानसा ढीग जमतो. पोत्यांतून सांडलेली तूर, थोडा हरभरा, ज्वारीचे चार दाणे, बाकी माती. दिवसभर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि संध्याकाळी बघावं तर सूपभर! अप्पांच्या आडतीवरचे किस्से असेच जमलेत. मी फक्त पाखडून घेतलेत.

मुरुम गावात अप्पांची आडत आहे. शेतकऱ्यानं माल आणायचा, अप्पांनी तो विकून द्यायचा. त्यांची गिरिजा आणि मी शाळेत एका बाकावर होतो. पुढं ती धान्य साठवणुकीचं शिकायला इंग्लंडला गेली आणि मी इथल्याच कॉलेजात तासिकेवर इंग्रजी शिकवू लागले. गिरिजाचं काही इंग्रजी प्रकरण निघालं की अप्पांचा मला फोन येतो. मी पायरी चढले की ते मुनिमाला, म्हणजे रफिकचाचांना सांगतात, "मास्तरीण आली. चहा सांगा."

दुकानाला एक मागची खोली आहे. चुना दिलेली, कोरडी, कायम रिकामी. ऐन सुगीत पोती रस्त्यावर आली तरी अप्पा त्या खोलीत धान्याचा एक कट्टा ठेवू देत नाहीत. गिरिजा दोन-चार वर्षं तिकडचं काम शिकून येणार आणि तिथं धान्य तपासायची खोली काढणार, असं त्यांनी ठरवलंय. गिरिजाला विचारलंय का, हे मी कधी विचारलं नाही.

*

गिरिजाचं शिक्षण संपलं. विद्यार्थी म्हणून तिकडं राहायची मुदतही संपत आली. आता वर्क व्हिसा हवा. त्यासाठी एखाद्या कंपनीनं सरकारला सांगायचं की ही मुलगी आमच्याकडं काम करणार, तिची जबाबदारी आमची. याला स्पॉन्सर म्हणतात. स्पॉन्सर मिळाला नाही तर सामान बांधायचं.

हे सगळं मी अप्पांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे जामीनदार."

"तसंच काहीसं."

"मग परका माणूस कशाला? पोरगी माझी हाय. मी राहतो जामीन. लिव्ह."

मी पुष्कळ वाद घातला. शेवटी लिहिलं. 'आमची पेढी जुनी आहे. मोंढ्यात कुणालाही विचारा. मुलीची जबाबदारी आम्ही घेतो.' कंपनीला पाठवायच्या ऐवजी मी ते गुपचूप गिरिजाला पाठवलं. तिचा लगेच फोन आला. "अप्पा, इथं बापाचा जामीन चालत नाही."

अप्पांनी फोन गादीवर ठेवला. मग म्हणाले, "बापाचा चालत न्हाय आणि ज्यानं तोंड बघितलं न्हाय त्याचा चालतो. बरा देश हाय."

*

जामीन या विषयावर माझं आणि अप्पांचं जुनं भांडण आहे. ते दगडूबाबांवरून.

दगडूबाबा शेजारच्या गावचे शेतकरी. तूर घेऊन मोंढ्यात शिरले की अप्पांच्या आधी बरीच दुकानं लागतात. आडते आवाज देतात, "बाबा, इकडं उतरा, भाव बरा हाय!" बाबा मान हलवतात आणि पुढं येतात. कारण काय, तर कुण्या एका काळी अप्पांच्या वडिलांनी त्यांच्या बैलजोडीच्या कर्जाला जामीन दिला होता. बैल गेले, अप्पांचे वडील गेले, बाबांकडं ट्रॅक्टर आला. पण माल दुसऱ्या दुकानात उतरला नाही.

मला हे बघवत नाही. मी एकदा बाबांना तोंडावर म्हणाले, "बाबा, ही गुलामी आहे."

"व्हय का?" बाबा म्हणाले आणि रफिकचाचांकडं वळले, "काटा लावा, चाचा."

मग मी अप्पांना धरलं. "तुम्ही तरी सांगा त्यांना, तुम्ही मोकळे आहात म्हणून. तुमचा फायदा होतोय म्हणून गप्प बसता."

अप्पा चिडले नाहीत. "ज्याच्यासाठी जामीन राहिलं, तो माणूस दुकान सोडत न्हाय, मास्तरीण. हे कुठं लिवलेलं न्हाय. म्हणून मोडता येत न्हाय."

*

तिकडं कंपन्या गिरिजाला बोलवायच्या, तासभर गोड बोलायच्या आणि शेवटी विचारायच्या, "तुम्हाला स्पॉन्सर लागेल का?" ती हो म्हणाली की दुसऱ्या दिवशी नकार. मुलगी हुशार आहे, सगळं पसंत आहे, पण.

अव्वाला, म्हणजे गिरिजाच्या आईला, यात नवीन काहीच वाटलं नाही. "पोरगी दाखवताना हेच की गं," ती म्हणाली. "पोहे खाऊन जातात आणि निरोप धाडतात."

त्याच सुमारास खरंच एक स्थळ आलं. मुलाकडची मंडळी गाडी करून आली. अव्वानं कडक भाकरी, शेंगांची चटणी, येसर आमटी असा बेत केला. मुलगा इथंच, मुलगी फोनवर. जेवणं झाली आणि मुलाच्या मामांनी सुपारी कातरत विचारलं, "व्हिसा कोणता म्हणायचा? शिक्षणाचा का कामाचा?"

अप्पा म्हणाले, "सध्या शिक्षणाचा."

"मग कामाचा होऊ द्या. त्यावर नवऱ्यालाही जाता येतं म्हणतात. झाला की बसू."

अप्पांनी त्यांना गाडीपर्यंत पोचवलं, हात जोडले, आत आले आणि टोपी काढून ठेवली. "ह्यांना सून नको," ते म्हणाले. "ह्यांना जामीनदार पायजे."

*

मग मी गिरिजाची तयारी करून घ्यायचं मनावर घेतलं. रोज संध्याकाळी गादीवर फोन उभा करायचा, मी साहेब व्हायचं, इंग्रजीत प्रश्न विचारायचे. उत्तरं मी लिहून दिलेली होती. आत्मविश्वासानं बोल, डोळ्यांत बघ, हात हलवू नकोस. मी वर्गात करते तशी दटावत होते. गिरिजा पाठ म्हणत होती.

एकदा मी विचारलं, "पाच वर्षांनी तू स्वतःला कुठं बघतेस?"

मागून अव्वा म्हणाली, "कुठं म्हणजे? घरात. कडेवर पोर घेऊन."

अप्पा हसले, गिरिजा हसली, मी वैतागले. "चाचा, आता तुम्ही व्हा साहेब," मी म्हणाले. "कुणीतरी गंभीर माणूस हवा."

रफिकचाचा चष्मा सारखा करून फोनसमोर बसले. गिरिजाला त्यांनी लहानपणी काट्यावर बसवून तोललेलं. त्यांनी तिच्याकडं नीट निरखून बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बेटा, जेवलीस?"

"चाचा, हा प्रश्न नसतो!" मी म्हणाले.

पण तिकडं गिरिजा खाली बघत होती. मग हळूच म्हणाली, "न्हाय, चाचा."

"सकाळी?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. मुलाखतींच्या धास्तीनं ती धड जेवतच नव्हती. एवढ्या दिवसांत मी तिला शंभर प्रश्न विचारले असतील, हा सुचला नव्हता. त्या दिवशी तयारी तिथंच थांबली. तिनं कॅमेऱ्यासमोर बसून भात खाल्ला आणि अख्खं दुकान ती खाताना बघत बसलं. एक गिऱ्हाईक आलं, त्यालाही चाचांनी बोटानं गप्प केलं.

*

अव्वानं त्यावर स्वतःचा उपाय काढला. गावचा एक मुलगा तिकडं निघाला होता, त्याच्याजवळ तिनं कडक भाकरीची चळत आणि शेंगांच्या चटणीचा डबा दिला. वर निरोप, "निम्मं तू खा, निम्मं साहेबाला दे. मोकळ्या हातानं कुणाच्या दारात जाऊ नये."

मी म्हणाले, "अव्वा, तिकडं याला लाच समजतात."

"चटणीला?" अव्वा म्हणाली.

गिरिजा शिकत असताना एका धान्याच्या कोठारात काही तास कामाला जायची. तिथली मुख्य हेलनबाई. नोकरी मागायची हिंमत गिरिजाला तिथं कधी झाली नव्हती, कारण या बाई फार बोलत नसत. पण डबा द्यायला त्याच एक ओळखीच्या होत्या. हेलनबाईंनी चटणी चमचाभर घेतली, नुसतीच खाल्ली, भरपूर पाणी प्याल्या आणि विचारलं, "हे कशासाठी?"

गिरिजाला खोटं सुचलं नाही. तिनं सांगून टाकलं. माझी मुदत संपतेय, मला स्पॉन्सर हवाय, माझ्या आईला वाटतं मोकळ्या हातानं मागू नये.

हेलनबाई म्हणाल्या, "सोमवारी माझ्या खोलीत ये. रीतसर मुलाखत होईल." आणि डबा टेबलाच्या खणात ठेवला.

*

तुरीची आवक सुरू झाली होती. दुकान भरलेलं, ओट्यावर थप्पी, रस्त्यावर ट्रॅक्टर. दगडूबाबांची तूर उतरत होती, बाबा पोत्यावर हात ठेवून उभे होते, तेवढ्यात गिरिजाचा व्हिडिओ कॉल आला.

"अप्पा, मिळाला! कामाचा व्हिसा मिळाला!"

हमाल थांबले. रफिकचाचा पेढे आणायला चप्पल न घालताच पळाले. अव्वा घरातून पदराला हात पुसत आली. अप्पा हसत होते आणि डोळे पुसत होते. मी फोन हातात घेतला, कारण मला माझा निकाल ऐकायचा होता.

"बाईंनी काय विचारलं?"

"एकच. म्हणाल्या, तुझ्यासाठी आम्ही एवढी यातायात का करायची?"

"मग? मी लिहून दिलेलं म्हणालीस ना?"

"ते विसरले गं. तोंडाला आलं ते बोलले." गिरिजा हसत होती. "म्हटलं, आमच्या अप्पांच्या दुकानात ज्याच्यासाठी जामीन राहतात, तो माणूस जन्मभर दुकान सोडत नाही. मीही त्यातलीच आहे, तुमचं दुकान सोडायची नाही."

अख्ख्या मोंढ्यानं टाळ्या वाजवल्या. शेजारचा आडत्या ओरडला, "अप्पा, शेवटी जामीन तुमचाच चालला की!" अप्पाही हसले. पेढे फिरले. गिरिजाला कामावर जायचं होतं, तिनं फोन ठेवला.

हमालांनी पुन्हा पोती उचलली. चाचांनी विचारलं, "अप्पा, बाबांचा माल कुठं लावू? जागा न्हाय."

"मागच्या खोलीत लावा."

"गिरिजाच्या खोलीत?" चाचांनी विचारलं. अप्पांनी पुन्हा सांगितलं, तेव्हा गेले. मागच्या खोलीची कडी निघाल्याचा आवाज आला.

मग अप्पा गादीवरून उतरले. दगडूबाबांजवळ गेले, त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "बाबा, पुढल्या साली जिथं भाव बरा मिळंल तिथं माल घाला. इथंच यायला पायजे असं न्हाय."

बाबांच्या हातातला पेढा तसाच राहिला. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग अप्पांकडं.

"अप्पा," ते म्हणाले, "माझं काय चुकलं?"