मध्यम किमतीचा स्वच्छ आवाज

माझे वडील एका रेकॉर्डवर आहेत. फक्त ऐकू येत नाहीत.

आप्पा श्रीपूरला साखर कारखान्यात नोकरीला होते, तेव्हा एका शाहिराच्या पोवाड्याची रेकॉर्ड निघाली. शाहिराच्या मागे उभं राहून 'जी जी रं जी' म्हणणारे पाच झीलकरी होते, त्यांतले एक आप्पा. रेकॉर्डच्या पाकिटावर शाहिराचा फेट्यासकट फोटो आहे आणि डाव्या कडेला कुणाचं तरी एक कोपर आहे. ते कोपर आप्पांचं. (असं आप्पा म्हणतात. कोपरावरून माणूस ओळखायची सोय अजून आधार कार्डातही झालेली नाही!)

आई गेल्यावर आप्पा आमच्याकडे जुळे सोलापुरात राहायला आले. सोबत ती रेकॉर्ड आणि ती वाजवायची, सूटकेससारखी दिसणारी जुनी पेटी. घरात माझ्या सासूबाई आधीपासून होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. त्या माढ्याच्या, आणि डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, कानांनी ऐकल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही हा त्यांचा बाणा. आप्पांनी आल्या आल्या पेटी लावली.

"ऐका ईनबाई. आता येतोय बगा मी."

शाहीर विहिरीतून ओरडल्यासारखा गायला. कडव्याच्या शेवटी 'खर्र' करून ओरखडा आला, आणि त्याच्यामागून पाच माणसांची मिळून एक गुणगुण.

"कुटं आला, पावणं?"

"आत्ता येऊन गेलो की!"

"मला तर न्हाय गावला."

तेव्हापासून घरात पाहुणा आला की आत्या त्याला चहाच्या आधी ती रेकॉर्ड ऐकवायच्या. "पावण्यांचा आवाज हाय म्हनं ह्यात. सापडतो का बगा." पाहुणे माना वाकड्या करून शोधायचे, आणि शेवटी ओशाळून चहा प्यायचे. आप्पा सुरुवातीला हसायचे. मग हसायचे थांबले. मग त्यांनी रेकॉर्ड लावणंच बंद केलं आणि पाकीट कपाटात चादरींच्या खाली सारलं. ते मला बघवेना. मी ठरवलं, चांगली मशीन आणायची आणि माझ्या बापाचा आवाज अख्ख्या बिल्डिंगला ऐकवायचा!

मी शाळेत गणित शिकवते. त्यामुळे कुठलीही गोष्ट सरळ विकत घेणं मला जमत नाही, आधी अभ्यास करावा लागतो. दोन महिने मी टर्नटेबलबद्दल वाचत होते. सुईचं वजन, पट्ट्याची ओढ, तबकडीचा तोल. नवऱ्याला मी जेवताना हे सगळं समजावून सांगायची, आणि तो आमटी वाढून घ्यायचा.

"पण घ्यायची केवढ्याची?" त्यानं विचारलं.

"मध्यम किमतीची."

"मध्यम म्हणजे?"

"मिक्सरपेक्षा महाग, स्कूटरपेक्षा स्वस्त."

"त्या दोघांच्या मध्ये फ्रीज पण येतो," असं म्हणून त्यानं आमच्या गळक्या फ्रीजकडे पाहिलं. मी पाहिलं नाही.

शेवटी तीन मशिनी उरल्या. एक बिनतारी होती. ("आदीच गावंना, त्यात हवेतनं धाडतीस व्हय मला?" – आप्पा.) दुसरीचा दांडा रेकॉर्ड संपली की आपोआप उचलला जायचा. तिसरी काहीच आपोआप करत नव्हती, पण तिची सुई उत्तम होती. ती मी पुण्याच्या एका दुकानातून मागवली.

आत्यांना पटवणं बाकी होतं. मी म्हटलं, "आत्या, ही काय रोज घ्यायची वस्तू नाही. गाडीसारखीच समजा. एकदा घेतली की वीस वर्षं बघायला नको."

"गाडीसारखी व्हय? बरं," आत्या म्हणाल्या. त्या 'बरं'ला मी घाबरायला हवं होतं.

रविवारी सकाळी मी मशीन जोडली. मशीन अगदी सपाट हवी, नाहीतर आवाज बिघडतो. म्हणून खालच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून पाणसळ मागून आणली आणि दोन तास मशीनचे चारी पाय खालीवर करत बसले. शेवटी पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला. आप्पांनी दहा वाजता सगळ्या बिल्डिंगला बोलावलं होतं, त्यामुळे मी घाईघाईनं अंघोळीला गेले.

परत येऊन पाहते तर मशीनच्या चार पायांखाली चार लिंबं! झाकणावर स्वस्तिक, पुढ्यात फोडलेला नारळ, आणि सुईच्या टोकाला ओल्या कुंकवाचा टपोरा ठिपका.

"आत्या! हे काय?"

"गाडी म्हणलीस न्हवं? मग चाकाखाली लिंबू नको?"

"अहो, पण सुईला कुंकू?"

"मग कुटं लावायचं? इळ्याला आपण मुठीला लावतो का पात्याला?"

मी बावीस वर्षं गणित शिकवते आहे, पण या सिद्धतेत मला एकही चूक काढता आली नाही.

"आता चालव, म्हंजी लिंबं चिरडत्याल."

"ती जागची हलत नाही, आत्या!"

"मग कसली गं गाडी घेतलीस?"

तेवढ्यात बेल वाजली. माणसं आत येऊ लागली. सुई कशी साफ करायची हे मी किमान चाळीस ठिकाणी वाचलं होतं: मऊ ब्रश, मागून पुढे, एकाच दिशेनं, अलगद. 'कुणीही सुईला हात लावायचा नाही' अशी ताकीदही मीच घरात दिली होती. मी नवा टूथब्रश घेतला आणि, इतक्या वर्षांची सवय, दात घासतात तसा आडवा फिरवला. टिक् असा आवाज झाला.

"निघालं का कुंकू?" नवऱ्यानं हळूच विचारलं.

"निघालं."

"मग चेहरा असा का?"

"सुईसकट निघालं."

आप्पा इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून पहिल्या खुर्चीवर बसले होते. मांडीवर पाकीट, कोपर वर करून. मंडळींनी चिवडा खाल्ला, मशीन दिसायला छान आहे म्हणाली, आणि गेली. आप्पा म्हणाले, "असू दे पोरी." आत्या म्हणाल्या, "म्हंजी आज बी न्हायच का?" मला रडूच आलं.

नवी सुई यायला आठ दिवस लागले. तेवढ्यात लिंबांची आणि टूथब्रशची हकिगत शेजारच्या बिल्डिंगपर्यंत गेली, त्यामुळे पुढच्या रविवारी गर्दी दुप्पट! लोक जिन्यातही बसले. या वेळी मी आत्यांना सकाळपासून स्वयंपाकघरातून बाहेर पडू दिलं नव्हतं. (त्यांनी तिथून लांबूनच अक्षता फेकल्या. त्या मी मोजून उचलल्या.) सुई टेकवली आणि शाहीर गायला लागला.

काय सांगू! शाहीर समोर बसून गात होता. त्यानं आवंढा गिळलेलाही ऐकू येत होता. माझी मान ताठ झाली. कडवं संपत आलं, आता तो जुना ओरखडा येणार म्हणून आम्ही घरचे सवयीनं थांबलो. ओरखडा आला नाही. त्या जागी, शाहिराची ओळ पुरी व्हायच्या आतच, एक आवाज एकटाच, खणखणीत म्हणाला: "जी!"

मग जरा शांतता. मग उरलेल्या चौघांनी योग्य जागी रीतसर 'जी जी रं जी' म्हटलं.

दुसरं कडवं. पुन्हा एकट्याचा "जी!" तिसरं कडवं. पुन्हा!

इतकी वर्षं आम्ही ज्याला ओरखडा समजत होतो, ते आप्पा होते.

आत्या पदराला हात पुशीत बाहेर धावल्या. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता, आणि त्यात खोट अजिबात नव्हती. "आलं की पावणं! सगळ्यांच्या आदी आलं!"

चौथ्या कडव्याला जिन्यातल्या मंडळींनीही आप्पांना साथ दिली. पाचव्याला शाहीर ऐकूच आला नाही. आप्पांचे कान लाल झाले होते. सगळे पांगल्यावर ते माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "पोरी, त्या पेटीवर मी हाय का न्हाय एवढाच वाद व्हता. तो लई बरा व्हता."

आता आप्पा संध्याकाळी फिरायला निघाले की प्रत्येक मजल्यावरून कुणीतरी "जी!" म्हणून नमस्कार करतं. आप्पांनी फिरायची वेळ बदलून पाहिली. लोकांनीही बदलली.

परवा पुण्याच्या दुकानातून फोन आला.

"मॅडम, आवाज कसा वाटला?"

"फारच स्पष्ट आहे हो."

"मग थोडं वरचं मॉडेल बघणार का? आणखी बारीकसारीक ऐकू येईल."

"नको, नको!" मी दार लोटून घेतलं. "याच्यापेक्षा थोडं कमी ऐकू येणारं काही आहे का?"

पलीकडे यादीची पानं चाळल्याचा आवाज आला. मग त्यानं अगदी आदबीनं विचारलं, "किती कमी, मॅडम?"

माझा दोन महिन्यांचा अभ्यास होता, मी लगेच सांगितलं, "एक माणूस कमी."