उभी गाडी आणि माझा गुडघा

मांजरसुंब्याच्या चौकात माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं मी तीस वर्षं उकिडवा बसलो. इंजिनाशेजारी बसायचं, पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची. आत टॅपेट वाजतोय की बेअरिंग गेलंय, ते कळतं. या कानावरच माझं गिऱ्हाईक टिकलंय. म्हणून उजवा गुडघा वाकेना झाला, तेव्हा दुखण्यापेक्षा धास्ती मला या कानाची वाटली. उभ्या माणसाला इंजिन काही सांगत नाही.

डॉक्टर म्हणाले, संधिवात आहे, गुडघ्यातली गादी झिजली. मी विचारलं, "बुश बदलून मिळत न्हाई का?" ते हसले नाहीत. मग धाब्यावरच्या एका ट्रकवाल्यानं अंबाजोगाईच्या कायरोप्रॅक्टरचं, म्हणजे हातानं मणके-सांधे मोकळे करणाऱ्याचं, नाव सुचवलं. ट्रकवाल्याची आखडलेली कंबर त्यानंच सोडवली होती म्हणे.

तो निघाला माझ्या लेकाच्या वयाचा. त्यानं मला कुशीवर घेतलं, पाय दुमडला आणि असा काही झटका दिला की कमरेत कट्‌कन आवाज आला. आवाज मी लगेच ओळखला, अडकलेला गिअर सुटतो तसाच. कंबर खरंच हलकी झाली. मी खूश होऊन गुडघा पुढं केला, तर तो म्हणाला, "काका, तो असा कट्‌कन बरा होणार नाही. मांडीत ताकद आणा, ती गुडघ्याला सांभाळेल. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, दहा मोजायचे, खाली. रोज दोन वेळा. आणि तासन्‌तास उकिडवं बसू नका."

यातलं शेवटचं वाक्य तेवढं मी घरी आणलं. जे हलतं ते झिजतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. दुकानात प्लास्टिकची खुर्ची मांडली आणि गुडघा जपून ठेवला. प्लग, केबल अशी उभ्याची कामं घेतली, इंजिनाची परत पाठवली. महिन्याभरात गुडघा असा आखडला की संडासाला जातानाही भिंत धरावी लागे.

अशात एक गुरुजी सुट्टीभर अंगणात ठेवलेली गाडी ढकलत घेऊन आले. कार्ब्युरेटर चोंदलेला, ब्रेक जाम. मी खुर्चीतूनच तोंड सोडलं. "गाडी उभी ठिवल्यावर जाम व्हनारच की! रोज जराशी फिरवायची, येवढं बी कळत न्हाई का?"

बायको डबा घेऊन मागं उभी होती. "अवं, गुर्जींवर कावून वरडायलाव?" ती म्हणाली. "तुमचा गुडगा म्हैनाभर उभाच हाय की."

गुरुजी एवढे हसले की मला त्यांची गाडी तशीच परत द्यावीशी वाटली. डबा मी तिच्याकडं पाठ करून खाल्ला. पण संध्याकाळी घरी गेल्यावर खुर्ची ओढली आणि पाय सरळ केला.

मोजायला तीच बसायची. सातापर्यंत नीट मोजायची, मग शेजारणीला विचारायची, आज काय भाजी केली. माझी मांडी थरथरायची आणि तिकडं शेपूच्या भाजीत मुगाची डाळ किती, यावर चर्चा चालायची. आठ यायचाच नाही. मी लई शिव्या घातल्या, पण पाय खाली टेकवला नाही.

मधून मधून अंबाजोगाईलाही जायचो. त्या कायरोप्रॅक्टर पोराला सगळं खरं सांगितलं. त्यानं कंबर पुन्हा सोडवली आणि भिंतीला पाठ लावून थोडं थोडं बसायला शिकवलं. चार महिन्यांनी म्हणाला, आता बुटक्या स्टुलावर बसा, पण मधे उठून फिरत जा. गुडघा नवा झालेला नाही. थंडीत सकाळी अजून कुरकुरतो.

स्टुलाची परवानगी मिळाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक दूधवाला आला. गाडीत कुठं तरी ठकठक होत होती आणि दोन ठिकाणी दाखवून सापडली नव्हती. मी स्टूल ठेवलं, सीट धरली आणि हळूहळू खाली गेलो. दुखलं, पण बसलो. पेचकस टेकवला, मूठ कानाला लावली. टायमिंग चेन सैल झाली होती.

"काय मिस्त्री, लई बिघडलंय का?" दूधवाल्यानं विचारलं.

"थांब जरा," मी म्हणालो, "आयकू दे."

बिघाड मला कळला होता. तरी मी ऐकतच बसलो.