दिवसातून पाचदा दात घासणारी नात

“तुमच्याच घरी किडले तिचे दात, आत्याबाई. मेहकरात होती तोवर एक दाढ काळी नव्हती.”

“काळी नव्हती, का तू पाह्यली नव्हती? लेकराच्या तोंडात बॅटरी मारून पाह्यलं का कधी?”

ही फजिती मी पहिल्यापासून सांगितली असती, पण भांडण सुरू कुठून झालं तेच आता आठवत नाही. जागा मात्र पक्की आठवते. बुलढाण्यातला दातांचा दवाखाना. इकडे मी, तिकडे माझी सून शीतल, आणि मधे त्या आडव्या खुर्चीवर गाल सुजवून पडलेली माझी सहा वर्षांची नात, आरू. दार उघडं होतं. बाहेरच्या बाकावरचे पेशंट आपापले दात विसरून आमच्याकडे बघत होते.

आणि मी मागे हटणार होते थोडीच? माझी बाजू पक्की होती.

मी शाळेची पायरी चढले नाही. एसटीच्या पाट्या, खताची पोती आणि लेकाचं पहिलीचं पुस्तक, एवढ्यावर अक्षरं उचलली. आता पेपर वाचते तो तारखेपासून शेवटच्या ओळीतल्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत. वेळही भरपूर. मालक गेल्यापासून देऊळघाटच्या घरात दुसरं बोलायला आहे कोण?

मागच्या उन्हाळ्यात आरू आली होती. चौथ्या दिवशी ‘मम्मीकडं जायचं’ म्हणून रडली आणि गेली. जाताना तिची लाल चप्पल दारातच राहिली. ती मी महिनाभर उचलली नाही. शेजारीण म्हणाली, “काऊन ठेवली बाई इथं?” म्हटलं, “असू दे, विंचू येत नाई.” चपलेला भिऊन विंचू पळतो का हो? पण दारात लेकराची चप्पल असली की घरात माणूस आहे असं वाटतं.

यंदा आरू आली त्याच आठवड्यात आरोग्य केंद्राची आशाताई एक कागद देऊन गेली. लेकरांचे दात दोन वेळा घासा. दुधाचे दात पडणारच म्हणून दुर्लक्ष करू नका. ब्रश केल्यावर काही गोड देऊ नका. मी तो कागद तीनदा वाचला, मग गल्लीतल्या बाया ओट्यावर बसवून त्यांना वाचून दाखवला. ‘काही गोड देऊ नका’ हे तर दोनदा, आवाज चढवून. शीतलने पिशवीत घालून दिलेली चॉकलेटं आणि क्रीमची बिस्किटं मी शेजारच्या म्हशीला घातली.

पण पेस्ट झोंबते. आरू ब्रश तोंडात घेईना. मग मी देवापुढच्या डबीतला खडीसाखरेचा एक खडा काढला. म्हटलं, आधी घास, मग हा गालात ठेव. पोरीने घासले. घासण्याचे दोनाचे तीन झाले, तिनाचे पाच झाले. बाजारातून खडीसाखर आणताना मी मोठे मोठे खडे निवडून घेऊ लागले.

शीतलला फोनवर ऐकवलं, “तुह्या पोरीले काई वळण नव्हतं. मी लावलं. तुह्ये चॉकलेट म्हशीले घातले. पाच वेळा दात घासते, अन् तुही याद पण नाई काढत.” दोन महिने आरू माझ्याकडे राहिली. दोन महिने, हो. मग गाल सुजला.

तर आता परत दवाखान्यात चला.

“डॉक्टरबाई, पाच वेळा घासले हिनं, माह्या डोळ्यांदेखत. हिची मायच म्हणे, दुधाचे दात हायेत, पडतेच. कागद वाचाले सांगा तिले.”

“म्हटलं मी तसं. चुकलं माझं,” शीतल म्हणाली. “पण दिवाळीले मी तिले तुमच्याकडं पाठवणार नाई. आत्ताच सांगून ठेवते.”

दिवाळीचं ऐकून तिथंच थांबायला हवं होतं मी. पण तोंड थांबेल तर ना.

“नको पाठवू. मले काय हौस हाय पोट्टी सांभाळाची?”

असं बोलले मी. देवाचं तेव्हा लक्ष दुसरीकडे असावं, एवढीच आशा.

डॉक्टरबाई कोवळ्या वयाची पोर, पण शांत. तिने तोंडावरचा मास्क खाली केला. “आजी, पाच वेळा ब्रश करून चार दाढा किडत नाहीत. आरू, ब्रश झाल्यावर तू काय करायचीस गं?”

“खडीसाखर खायची. इथं ठेवायची.” आरूने सुजलेल्या गालावर बोट ठेवलं. “आजी म्हणे, चावू नको, हळूहळू विरघळू दे.”

“अन् माह्ये चॉकलेट म्हशीले?” शीतल म्हणाली. बाकावरचा एक जण सुजलेला जबडा धरून हसला.

“खडीसाखर गोडात कुठं येते?” मी म्हटलं. “ते थंड असते. खोकल्याले देतो आपण. देवापुढं ठेवतो.”

“कीड देवापुढची म्हणून सोडत नाही, आजी. साखर ती साखरच. आणि गालात धरून ठेवलेली सगळ्यात वाईट. एका दाढेत पू झालाय, ती काढावी लागेल.”

आरूने माझा पदर पकडला. आईचा नाही, माझा. तेव्हा मला खाली बसावंसं वाटलं, पण दवाखान्यात खुर्ची एकच, तीही तिच्याखाली.

शीतलचा आवाज आता चढलेला नव्हता. तोच जास्त लागला. “एक दिवस दिली, समजलं आत्याबाई. पण दोन महिने? रोज पाच-पाच वेळा? तुम्ही तं सगळ्या गल्लीले कागद वाचून दाखवता.”

उत्तर मला ठाऊक होतं. ते कोणत्या कागदावर छापलेलं नव्हतं, म्हणून मोठ्याने वाचायला जड गेलं.

“दिवसातून पाचदा ती म्हणे, मम्मीकडं जायचं,” मी म्हटलं, “अन् पाचही वेळा मीच म्हटलं, चाल आरू, दात घासू.”