चाकाखालचा दगड

तुमच्या दारात उभा असलेला ट्रॅक्टर आत्ता गिअरमध्ये आहे की न्यूट्रलमध्ये? अंदाजानं सांगू नका. शेवटचा तो कुणी बंद केला, आणि बंद करून खाली उतरताना त्यानं तुम्हाला काय सांगितलं, ते आठवून सांगा.

मला हा प्रश्न कुणी विचारला नाही. विचारला असता तर मी खरं बोलले असते की खोटं, हे मला अजूनही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पत्रकांवर वाढलेल्या मुलीला हे लिहावं लागावं, याची लाज वाटते.

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. बाबा पत्रकं काढायचे. कालव्याच्या पाण्यावर, सोयाबीनच्या भावावर, एसटीच्या बंद झालेल्या फेऱ्यांवर. झरीच्या बाजारात, परभणीच्या बसस्टँडवर ती वाटायचे. मी अक्षरं जुळवायला शिकले ती 'जबाबदार कोण?' या ठळक मथळ्यावर. मोठी झाल्यावर पत्रकं मीच लिहायला लागले आणि प्रत्येकात तोच प्रश्न असायचा. जबाबदार कोण? बोट नेहमी गावाबाहेर दाखवलेलं.

उरलेले गठ्ठे काका आखाड्यावर न्यायचे. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. आखाडा म्हणजे आमचं शेतातलं घर. तिथं काका, काकू आणि एक जुना ट्रॅक्टर राहायचे. ट्रॅक्टर माझ्याहून वयानं मोठा, लाल रंग उडून विटकरी झालेला. काका रोज सकाळी तेल बघायची काडी इंजिनातून ओढायचे, बाबांच्या पत्रकानं पुसायचे, परत घालून बघायचे.

"वाचून तरी पूस रे," बाबा म्हणायचे.

"वाचलंय की. तुझं पत्रक लय गुणाचं हाय. सरकारनं कधी ऐकलं न्हाई, इंजनानं रोज ऐकलंय."

काकू चुलीपाशी बसून टोमणा मारायची, "मला ताप आला तर एक गोळी. ह्याला नुसता खोकला आला की जिंतूरहून मेकॅनिक."

खरं तर मेकॅनिक क्वचितच यायचा. काकांचा कान हेच हत्यार होतं. त्यांच्याकडे हातभर लांब, पिवळ्या मुठीचा एक पेचकस होता. इंजिन चालू ठेवून ते पेचकसाचं टोक एकेका जागी टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे. डॉक्टर छाती तपासतो तसं. मग मूठ माझ्या कानाला.

"काय म्हनतंय?"

"टकटक करायलंय."

"सगळीकडं करायलंय का तिथंच?"

"इथंच."

"मग तिथलंच दुखनं हाय. आधी ऐक, माय. पाना मागून धर."

कॉलेज संपवून मी गावी परतले तेव्हा काकूच्या दोन्ही मुलींची लग्नं होऊन गेली होती. मी आखाड्यावरच राहायला लागले आणि काकांच्या हाताखाली आले. डिझेलच्या नळीत हवा धरली की इंजिन दोन आचके देऊन बसतं. मग फिल्टरवरचा बोल्ट ढिला करायचा, बाजूच्या पंपाची दांडी वरखाली करत राहायची, फेसाळ डिझेल संपून सलग धार आली की बोल्ट आवळायचा. हे मी शिकले. हवेच्या फिल्टरच्या वाटीतलं तेल सोयाबीनच्या भुश्यानं चिखलासारखं होतं, ते दर आठवड्याला बदलायचं. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुवायची. माझ्या नखांत काळं तेल असायचं आणि मला त्याचा अभिमान होता.

दोन गोष्टी मात्र बिघडलेल्याच राहिल्या. पहिली, हँडब्रेक. तो ओढला तरी धरायचा नाही. त्यावर काकांचा नियम होता: बंद केला की न्यूट्रल आणि पुढच्या चाकाखाली दगड. आखाड्यासमोरची जागा विहिरीच्या बाजूला उतरती होती. बॅटरी बसली तर ढकलून चालू करता यावा म्हणून ट्रॅक्टर कायम तिथंच उभा असे. दगडही ठरलेला होता, काळा, एका बाजूनं सपाट.

दुसरी बिघडलेली गोष्ट चावीचा स्विच. आमच्या ट्रॅक्टरला चावीनं चालू करायचं तर सीटवर बसून क्लच दाबावाच लागायचा. क्लच दाबला नाही तर सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारा स्टार्टर, फिरायचाच नाही. बनवणाऱ्यानं विचार करून केलेली ती व्यवस्था होती. चालू होताना गाडी गिअरमध्ये राहिली तरी हलू नये, म्हणून. स्विच खराब झाल्यावर काका खाली जमिनीवर, मोठ्या चाकाच्या पुढ्यात उभे राहायचे आणि सेल्फच्या दोन बोल्टांवर पेचकस आडवा टेकवायचे. चट्ट अशी ठिणगी, आणि इंजिन चालू. पेचकसाला क्लच कळत नाही, गिअरही कळत नाही. आमच्या गावात निम्मे ट्रॅक्टर असेच चालू होतात. मीही तसंच करायचे. पोरं बघत उभी राहिली की जरा ऐटीत करायचे.

अखेर दसऱ्याच्या दोन दिवस आधी काका एसटीनं जिंतूरला जाऊन नवा स्विच घेऊन आले. मी म्हटलं, "आत्ताच बसवू." पण सोयाबीनची मळणी चालू होती, तो दिवस त्यात गेला. दुसऱ्या दिवशी काकूनं सगळे पाने, पकडी, ग्रीसगन राखेनं घासून पूजेसाठी काढली. आमच्यात दसऱ्याला हत्यार पूजेला बसलं की त्याला हात लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून घरच्या बाईनं पूजा उचलायची, मग कामाला लागायचं.

"परवा हत्यार उचललं की पयलं काम त्येच," काका म्हणाले.

दसऱ्याच्या सकाळी मी ट्रॅक्टर धुतला आणि नेहमीच्या जागी आणून लावला. काकू रांगोळीचा डबा घेऊन आली.

"तेवढा दगड काढ गं बाई. चाकाभोवती रांगोळी घालायचीय, मदीच धोंडा कामून?"

मी दगड काढला. मग गाडी घरंगळू नये म्हणून वर चढून पहिल्या गिअरमध्ये टाकली. अर्ध्या मिनिटाचं काम. ते मी कुणालाच सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. काकूनं रांगोळी घातली, सीटवर धुतलेलं पोतं अंथरून त्यावर सगळी हत्यारं मांडली, नव्या स्विचचा डबाही मांडला. पेचकसाच्या पिवळ्या मुठीला कुंकू लावलं. बोनेटवर झेंडूचा हार.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका लवकर आवरून आले. काकू अंघोळीला गेली होती. मी ओसरीवर चहा पीत होते.

"तुझी काकू पूजा उचलस्तोवर इंजन गरम करतो. मग छपराखाली घेऊ आन् स्विच बसवू," ते म्हणाले. सीटवर पूजा होती, म्हणून ते वर चढले नाहीत. खालूनच हात लांब करून फक्त पेचकस उचलला, कपाळाला लावला. चाकाखाली दगड नाही, हे त्यांनी पाहिलं नाही; त्यांच्या नियमानं गाडी न्यूट्रलमध्ये होती. वीस वर्षांत एकदाही त्यांनी स्वतः ती गिअरमध्ये उभी केली नव्हती. मी कप ठेवायला आत वळले.

चट्ट. इंजिनाचा आवाज. आणि लगेच दुसरा आवाज. तो मी लिहिणार नाही.

मी धावले. ट्रॅक्टर उतारानं चालला होता. मी वर उडी मारली, पान्यांवर गुडघे टेकले, बंद करायचा दट्ट्या ओढला. विहिरीच्या अलीकडच्या सपाट जागी इंजिन थांबलं. आणि मग माझ्या हातानं गिअरची दांडी न्यूट्रलला आणली.

का आणली? बंद केला की न्यूट्रल, हे हाताला शिकवलेलं होतं म्हणून? की लोक यायच्या आत मला ते पुसून टाकायचं होतं? मी हा प्रश्न वर्षभर उलटसुलट केला. उत्तर एवढंच सापडलं की पहिल्या क्षणी कदाचित सवय असेल. त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी ते लपवणंच होतं.

परभणीला नेईपर्यंत काका उरले नाहीत.

पंचनामा झाला. गाडी न्यूट्रलमध्ये, असं त्यात आलं. न्यूट्रलमधला ट्रॅक्टर माणसावर चालून गेला, मग गावानं आपलं ठरवून टाकलं. 'काळ आला व्हता.' 'पूजेत काई तरी उणं राह्यलं.' 'असला ट्रॅक्टर दारात ठिवू नये, भंगारात घाला.' मी, जिनं दहा पत्रकांत लिहिलं होतं की दुष्काळ नशिबानं येत नाही, माणसाच्या निर्णयानं येतो, ती मी तिथं मान खाली घालून ऐकत होते. काळ आला नव्हता. पहिला गिअर होता. आणि ते माहीत असलेली एकटी मी होते.

ट्रॅक्टर विकला नाही, पण त्याला कुणी हातही लावला नाही. विहिरीच्या अलीकडं तसाच उभा राहिला. हार सुकून काळा पडला. एकदा मी पाहिलं, पुढच्या चाकाखाली तोच काळा दगड कुणी तरी लावला होता. आता कशाला, असं वाटलं आणि मी पुढं गेले. कुणी लावला, हे विचारलंच नाही. आधी ऐक, हे शिकवणाऱ्या माणसाची मी शिष्य.

वर्ष सरत आलं. दसरा आठ-दहा दिवसांवर होता. काकू ओसरीत सुपात मूग निवडत बसली होती. बाबा मला दोनदा म्हणाले होते, "पेचकसानं चालू करण्यावर पत्रक काढ, माणसं मरायलीत." मी कागद घेऊन बसत होते आणि मथळ्यापाशी अडत होते. जबाबदार कोण?

मी काकूसमोर जाऊन बसले. "काकू, ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये नव्हता. गिअरमध्ये होता. मी टाकला होता. आणि नंतर न्यूट्रलला मीच आणला."

तिचे हात थांबले नाहीत. दोन खडे काढून बाजूला ठेवले.

"पुन्ना सांग."

मी पुन्हा सांगितलं. सगळं, दगड काढल्यापासून.

"म्हंजी," ती म्हणाली, "दगड नव्हता म्हनून गाडी घरंगळली न्हाई?"

"नाही. दगड असता तरी ती त्यावरून गेली असती."

तिनं सूप खाली ठेवलं. तेव्हा मला कळलं. गावानं काळाला दोष दिला होता, पण या बाईनं काळाचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. गाडी न्यूट्रलमध्ये होती म्हणजे इंजिनाच्या हादऱ्यानं उतारावर घरंगळली. घरंगळली म्हणजे दगड नव्हता. आणि दगड तिनं काढायला लावला होता, रांगोळीसाठी.

"रोज सकाळी जाऊन बगते दगड हाय का," ती म्हणाली. "येड्यावानी. येक वरीस. पोरीच्या लेकराच्या बारशाला रांगोळी घातली न्हाई म्या. लोक म्हनले, इधवा हाय म्हनून घालंना. मी म्हनले, म्हना." तिचा आवाज चढला. "येक वरीस तू माझ्या ताटाला ताट लावून जेवलीस. माझ्या डोळ्यादेखत जगभराचे कागद लिवलेस. आन् हे येवढं तोंडातून निगंना तुझ्या?"

तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं सूप उचललं आणि आत गेली.

नऊ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. दसऱ्याला हत्यारं पूजेला बसली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रॅक्टरपाशी एकटीच बसले होते. ती आली आणि हातातला डबा माझ्यापुढं ठेवला. नव्या स्विचचा डबा. वरचं हळदीकुंकू वाळून तपकिरी झालं होतं.

"बसव," एवढंच म्हणाली.

मला दुपार झाली. कुजलेल्या वायरी बदलल्या, क्लचखालचा खटका साफ करून जोडला. शेजारच्या आखाड्यावरून बॅटरी आणली. वर्षभराचं डिझेल काढून टाकलं, नवं भरलं, हवा काढली. बोल्ट दोनदा हातातून सुटला. तेल बघायची काडी पुसायला कागद नव्हता. टूलबॉक्सच्या तळाशी काकांनी घडी करून ठेवलेलं एक पत्रक सापडलं. माझंच होतं. मथळा वाचला आणि त्यानंच काडी पुसली.

वर चढून बसले तेव्हा काकू दहा पावलांवर, चाकांपासून लांब उभी होती. तिनं मोठ्यानं विचारलं, "न्यूट्रल हाय का?"

"हाय," मी ओरडले.

"हलवून बग!"

दांडी डावीउजवीकडं हलवून दाखवली. क्लच दाबला, चावी फिरवली. इंजिन खोकलं, धूर सोडला आणि लागलं. काकू पदर तोंडात धरून उभी होती. तिनं मला माफ केलेलं नाही. मी मागितलेलीही नाही. पण आता ट्रॅक्टर चालू करताना आमच्या आखाड्यावर हा प्रश्न विचारला जातो, आणि विचारते तीच. तो पिवळ्या मुठीचा पेचकस तिनं मला परत दिला नाही. कुठं ठेवलाय, मी विचारत नाही.

हेच माझं पत्रक. यात बोट गावाबाहेर दाखवलेलं नाही.

आता तुम्ही उठा. वाचून संपायची वाट बघत होतात तर आता संपलं आहे. दारातल्या ट्रॅक्टरवर चढा, दांडी हलवून बघा, आणि ती कशात आहे हे घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगा. स्विच खराब असेल तर तो बसेपर्यंत गाडी उभी राहू द्या. पेरणी दोन दिवस थांबते. आणि ती गिअरमध्ये तुम्हीच ठेवली असेल, तर खाली उतरायच्या आधी सांगा. आजच सांगा.