मांडीलेच कळते

डिंपलने मशीन घरी आणलं त्या दिवशी ओसरीत शेजारपाजार जमला होता. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाचा तिचा प्रोजेक्ट म्हणजे रेशमाच्या कोशातून धागा काढायचं यंत्र. मोटर सुरू केली की चार कोशांच्या तारा पीळ घेत रिळावर चढत. तिची आई रुखमा हेच काम वीस वर्षं आपल्या मांडीवर करत आली होती. लुगडं वर सारायचं, मांडीला राख लावायची आणि उकडलेल्या कोशांच्या तारा तळव्याने मांडीवर घासायच्या. मोहाडीकडच्या त्यांच्या गावात बायका असाच कोसा, म्हणजे टसर रेशमाचा धागा, काढत. पण पावसाळ्यापासून रुखमाच्या मांडीची कातडी सोलवटली होती. जखम भरत आली की पुन्हा उघडायची. दवाखान्यातल्या बाईंनी काम बंद करायला बजावलं होतं. बंद केलं तर डिंपलच्या बापाच्या, सेवकरामच्या मागावर धागा कुठून येणार?

आठ दिवसांनी डिंपलला मशीनवर टॉवेल वाळत घातलेला दिसला.

"काहून वं माय, चालवत नाही?"

"चालवलं ना. बाबाले विचार."

सेवकराम मागावरून उठला नाही. "धागा दिसाले झकास हाये. पन मधातच बारीक होते अन् तुटते. अशानं लुगड्याचा रुमाल होऊन जाईन."

"एखादी तार सुटली का मांडीलेच कळते," रुखमा म्हणाली. "तुह्या मशीनले काय कळते?"

डिंपलच्या रिपोर्टात वेग होता, वजन होतं, खर्च होता. तार सुटल्याचं कसं कळतं, हे तिने कुणाला विचारलंच नव्हतं. रविवारी ती स्वतः राख लावून बसली. तिचा पहिला जाडाभरडा धागा पाहून रुखमा म्हणाली, "हे खाटेले बांध." तिसऱ्या दिवशी डिंपलची मांडी लाल झाली, आणि त्याच दिवशी तिला एक तार सुटलेली कळली. अंगावरून केस निघावा, तेवढंच. मग तिच्या ध्यानात आलं की कातडी वाचवायची आहे, आणि तरीही स्पर्श कातडीपर्यंत पोचला पाहिजे.

तिने प्लास्टिकचा पाइप उभा कापून मांडीवर बसवला. काहीच कळेना. सायकलच्या ट्यूबला धागा चिकटला. शेवटी कपाटामागे रुखमाच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे सापडला. त्याची फिल्म काचपेपरने खरवडून तिने आईच्या मांडीला नाडीने बांधली. रुखमाने डोळे मिटून तळवा फिरवला.

"सुटली," ती म्हणाली. खरोखरच एक तार सुटली होती.

कॉलेजात प्रोजेक्ट बघणाऱ्या गायधने सरांनी ती फिल्म उजेडात धरून पाहिली. "परीक्षकांपुढे मशीनच ठेव, डिंपल. यात इंजिनियरिंग काय, असं विचारलं तर काय सांगशील?"

तिने मशीन ठेवलं. परीक्षकांनी विचारलं, "चालतं का हे?"

"चालतं सर. आई चालवत नाही."

ते हसले आणि त्यांनी मार्क लिहिले.

घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. तासाभरात फिल्मखाली घाम साचे आणि जखम ओली होई. भोकं पाडली तर धागा अडकू लागला. डिंपलने आईच्या तळव्याला कपड्याची नीळ लावून घासायला सांगितलं. फिल्मवर चार बोटं रुंद निळा पट्टा उमटला. भोकं त्या पट्ट्याबाहेर पाडली, तेव्हा धागा अडकायचा थांबला. पण जखम होती ती नेमकी पट्ट्याखालीच. तिथे वारा पोचवायला जागाच नव्हती.

"अर्धा तास काम करायचं, मग फिल्म सोडून मांडी उघडी ठेवायची," डिंपलने ठरवून दिलं.

"अन् तवरिक मी हात जोडून बसू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डिंपल भाजी चिरत होती. ओसरीतून फिल्मवरचा कोरडा, खरखरीत आवाज येत होता. अर्ध्या तासाने तो थांबला. तिला बरं वाटलं. थोड्या वेळाने घासणं पुन्हा सुरू झालं. या वेळी आवाज मऊ होता, कातडीवरचा.

ती उठून बाहेर आली. रुखमाने घाईने लुगडं खाली ओढलं. कोशांचं भांडं डिंपलने आपल्यापुढे ओढलं, सलवार वर सारली आणि मांडीला राख लावली.

"सुतळी काढशील," रुखमा म्हणाली.

"खाटेले बांधू."

रुखमा मग धाग्याकडे पाहतच नव्हती. ती लेकीच्या मांडीकडे पाहत होती.