मराठी कपाटाची निंदणी

उल्का देवपुजारी लंडनमधल्या हॅरोतल्या एका लायब्ररीत ग्रंथपाल आहेत. आमच्या तिथल्या मराठी मंडळात मात्र त्यांची ओळख ‘पुस्तकांवर शिक्के मारतात त्या’ अशी करून दिली जाते. डॉक्टर, आयटीवाले आणि फायनान्सवाले यांच्या पंक्तीत ग्रंथपालाचं पान कुठे मांडायचं, हे मंडळाला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या नागपूरला लायब्ररी सायन्स शिकल्या. तिथल्या अभ्यासक्रमात निम्मी अमेरिकाच होती. ड्यूई नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी जगातलं सगळं ज्ञान आकड्यांत बसवायची पद्धत काढली. तिच्यात अमेरिकेच्या साहित्याला ८१०, इंग्रजांच्या साहित्याला ८२० आणि मराठीला ८९१.४६. ‘टिंबानंतर का होईना, पाट मिळाला,’ असं उल्काताई म्हणतात. पुस्तकं कुलपाबाहेर काढून वाचकाला थेट कपाटापाशी सोडायची रीतही अमेरिकेतच फोफावली. वाचक असा मोकळा सुटला, तेव्हा त्याने काय वाचलं हे मोजायचा उद्योग मागोमाग आलाच. आता तो हॅरोत येऊन पोचला होता.

टिंबानंतरचं ते मराठी कपाट उल्काताईंनी कौन्सिलशी भांडून मिळवलं होतं. लेकीचं करावं तसं त्यांनी त्याचं केलं. वाचकही होते. निवृत्त डॉक्टर मुरलीधरकाका आणि त्यांचे दोस्त रोज सकाळी गरम रेडिएटरजवळच्या खुर्च्या पकडून वाचत बसत. पुस्तक घरी मात्र कुणी नेत नसे, कारण मग दुसऱ्याने काय वाचायचं? उठताना प्रत्येक जण आपलं पुस्तक रुमालाने पुसून जागच्या जागी ठेवून जाई. हे आयांनी लावलेलं वळण होतं, ते इंग्लंडलाही मोडता आलं नाही.

मॅनेजर हेलन एके दिवशी म्हणाली, की घरी नेलेलीच पुस्तकं मोजणाऱ्या कॉम्प्युटरच्या मते या कपाटाचा वापर शून्य आहे. न वापरलेली पुस्तकं काढून टाकायला इंग्रजीत वीडिंग म्हणतात, म्हणजे आपली निंदणी. आमचं साहित्य तण ठरलं होतं आणि त्या जागी ‘वेलनेस कॉर्नर’ येणार होता. उल्काताई तिथल्या तिथे रडकुंडीला आल्या. हेलन बाई वाईट नव्हती. तिने महिनाभर मोजणी करायचं कबूल केलं. वाचकाने टेबलावर सोडलेलं पुस्तक स्टाफने स्कॅन करून ठेवायचं, की झाली वापराची नोंद. फक्त हे काम तिने दुसऱ्यांवर सोपवलं, कारण उल्काताई कपाटाच्या माहेरच्या.

उल्काताईंनी काकांना गाठलं. वाचा आणि पुस्तक टेबलावरच टाकून जा, एवढीच विनंती होती. काका दुखावले.

“अगं उल्का, असं पसरून जायचं? इंग्रज काय म्हणतील?”

“काका, तुम्ही नीट ठेवलंत तर तुम्ही वाचलंच नाहीत असं होतं. एवढा एक महिना वाईट वागा.”

काकांनी शब्द दिला आणि सगळ्यांच्या वतीने दिला. दुसऱ्या दिवशी पुस्तक टेबलावर सोडून ते ताठ मानेने दारापर्यंत गेलेसुद्धा. तिथे त्यांनी मागे वळून पाहिलं. पुस्तक उघडंच पडलं होतं. ते परत आले, त्यांनी ते मिटलं, पुसलं आणि कपाटात ठेवलं. बाकीच्यांचंही तेच झालं. उल्काताई काउंटरवरून रोज हे बघत होत्या आणि मनातल्या मनात काकांना शिव्या घालत होत्या. त्या शिव्या नागपुरी होत्या, असं त्यांनीच मला सांगितलं.

महिन्याअखेर मोजणीत दोन पुस्तकं निघाली. त्यातलं एक कुणीतरी गरम कॉफीच्या कपाखाली घेतलं होतं. कपाट गेलं.

मंडळाला वाईट वाटलं. मंडळाला वाईट वाटलं की मंडळ सत्कार करतं. शाल आणि श्रीफळ आलं आणि काका बोलायला उभे राहिले. ते म्हणाले, “उल्काताईंनी ते कपाट असं राखलं, की इतक्या वर्षांत त्याला कुणाचा हात लागलाय असं वाटू नये.”

उल्काताई माइकपाशी गेल्या. “म्हणूनच गेलं, काका,” एवढंच त्या म्हणाल्या.

सभागृहाला तो विनय वाटला. भरपूर टाळ्या पडल्या आणि मग सगळे बटाटेवड्यांकडे वळले.