नको म्हणण्याचा रियाज

दुपारचं ऊन गॅलरीच्या जाळीतून उतरून फरशीवर निवांत पहुडलेलं असावं, आमटीच्या फोडणीचा दरवळ अजून घरभर रेंगाळत असावा, आणि नेमक्या त्याच क्षणी फोनची घंटा खणखणावी! धावत जाऊन उचलावा, तर पलीकडून मधाळ, निर्विकार स्वर: "अभिनंदन! आपली निवड झाली आहे." कसली निवड? कुणी केली? आमच्या करंजाड्याच्या घरातला तो जुना फोन आम्ही ठेवला आहे, कारण साऱ्या भावकीला तोच नंबर पाठ आहे. पण तो भावकीबाहेरच्याही किती जणांना पाठ असावा! कर्ज, विमा, पाणी शुद्ध करणारं यंत्र, विमानतळाजवळचा प्लॉट. जगातली सारी ऐश्वर्यं रोज आमच्या दारी हात जोडून उभी असतात, आणि आम्ही करंटे त्यांना परत पाठवतो.

मला त्या आवाजांचा मनस्वी राग यायचा. त्यात त्या दिवसांत घरात एक मौन मुक्कामाला आलं होतं. बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. हातपाय हळूहळू सावरले, वाणी मात्र मागेच राहिली. ज्या माणसाचं आयुष्य मिठागरात गेलं, एका बांधावरून दिलेली ज्याची हाक पार खाडीच्या तोंडाशी ऐकू जायची, त्याच्या ओठांशी शब्द येऊन थबकू लागले. उच्चाराचे धडे द्यायला एक बाई यायच्या. त्यांच्यासमोर बाबा भिंतीकडे तोंड करून बसत. आम्ही काही विचारलं की एक अक्षर उमटे, आणि उरलेला शब्द आई नाहीतर मी घाईघाईने पुरा करून टाकत असू. "पा..." म्हटलं की पाण्याचा पेला हजर. मग ते "पा"देखील म्हणेनासे झाले. बोटाने दाखवू लागले.

अशा घरात दुपारी झोपमोड नको, म्हणून ते फोन कायमचे बंद करून घ्यायचे मी ठरवलं. पनवेलच्या ग्रंथालयात माझी नोकरी. त्या दिवशी याच कामासाठी सुट्टी घेऊन घरी होते. फोन वाजला. हात पुसून बाहेर येईपर्यंत घंटा थांबली, आणि दारातच माझे पाय खिळले. बाबांनी फोन उचलला होता.

"न... नको," ते म्हणाले.

पलीकडे यंत्र बोलत होतं. त्याला कुठे थांबणं ठाऊक! ते कर्जाचे गुण गात राहिलं.

"नको," बाबा पुन्हा म्हणाले. आणि मग, जरा चिडून, अगदी स्वच्छ: "नको सांगितला ना!"

मी पदराने डोळे टिपले, पण पुढे झाले नाही. त्या यंत्राला ना दया होती, ना घाई. ते बाबांचा शब्द त्यांच्या तोंडून काढून घेत नव्हतं, ओशाळं हसत नव्हतं, रडवेलं होत नव्हतं. मायेच्या माणसांना जे साधलं नाही, ते त्या निर्मम आवाजाला नकळत साधावं, ही केवढी विलक्षण गोष्ट! फोन बंद करण्याचा बेत मी मुकाट्याने मनातच गुंडाळून ठेवला.

यंत्रांमागून माणसंही आली. त्यांत प्लॉट विकणारी एक मुलगी होती. तिचा फोन आला की बाबा स्पीकरचं बटण दाबत, कारण रिसीव्हर फार वेळ धरवत नसे. म्हणून स्वयंपाकघरात मलाही सारं ऐकू येई.

"सर, खाडीलगत सुंदर प्लॉट आहेत. इन्व्हेस्टमेंटसाठी एकदम बेस्ट."

"तितं..." बाबा अडले. आता ही फोन ठेवणार!

"सावकाश सांगा काका, मी ऐकतेय."

"तितं... पानी येतं. भरतीचं."

"हो? तुम्ही तिथले का?"

"मीठ पिकवला आमी. तितं."

"मीठ पिकवतात? शेतासारखं?" तिच्या आवाजातलं पाठ केलेलं सारं गळून पडलं, आणि उरलं निव्वळ कुतूहल.

मग बाबांनी तिला मीठ शिकवलं. अडखळत, थांबत, मध्येच शब्द निसटला की शिवी हासडत. ती थांबत राहिली. तिला ना प्लॉट विकता आला, ना बाबांना गिऱ्हाईक होता आलं. तरी त्यानंतर ती अधूनमधून फोन करी. आई कुरकुरे, "एक दिवस हे आख्खा डोंगर विकत घेऊन बसतील!" पण तिचा फोन आला की हीच आई टीव्हीचा आवाज कमी करी. पुढे त्या मुलीचे फोन थांबले. नोकरी बदलली असेल, लग्न झालं असेल. तिचं नाव विचारायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. ऋण मानावं, तर ते कुणाच्या नावे?

आमच्याशी मात्र बाबांचं मौन सुटलेलं नव्हतं. परक्यासमोर तुटकं बोलायला संकोच नसतो. आपल्या माणसाला आपला जुना आवाज आठवत असतो ना!

अशात एका सकाळी मी ग्रंथालयातून घरी फोन केला. आई भाजीला गेली होती. फोन बाबांनी उचलला, आणि मी काही बोलायच्या आतच सुरू झाले:

"नको गो बाय. आज कायपन नको."

मी आहे म्हटलं, तर हा झरा पुन्हा आटेल, या भीतीने मी फोन नुसता कानाशी धरून राहिले.

"बोल की. जेवली नाय काय?"

आवाज बदलून, शक्य तितक्या गोड स्वरात मी म्हणाले, "सर, विम्याबद्दल बोलायचं होतं."

"विमा... कशाला? मना पोरगी हाय."

मग त्या शब्दांच्या तळातून एक हसू हळूहळू वर आलं, मिठागराच्या बांधावरचं, मोठं, मोकळं.

"आनि ती बापाला फसवते," बाबा म्हणाले. "सुनंदे, येताना बोंबील आन. ताजे बघून आन."